भिंतीवरचे चित्र आणि घरातली भाकर

आशागड हे डहाणू तालुक्यातले गाव. तिथून गंजाड जवळच आहे. या भागात पाड्यापाड्यांवर वारली लोकांची वस्ती आहे. जुनी घरे कुडाची. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणामातीचा लेप.

घरात लग्न निघाले की भिंतीला गेरू लावायचा. तांदूळ वाटून पाण्यात कालवायचा. बांबूच्या काडीचे टोक चावून मऊ करायचे. त्या काडीने सुवासिनी बायांनी पांढरा चौक लिहायचा. चौकात पालघट देवी. धवलेरी गाणी म्हणणार. चौक नाही तर लग्न नाही.

हे चित्र विकायचे नव्हते. पाऊसपाण्यात ते पुसट व्हायचे. पुढच्या लग्नाला नवे निघायचे. काढणाऱ्या बाईचे नाव त्याखाली नसायचे.

आज तीच कला अनेक घरांना भाकर देते. कुणी चित्रे विकतो, कुणी शहरात जाऊन शिकवतो. हे कसे घडले? आणि ज्याला या कलेवर पोट भरायचे आहे त्याने काय जाणले पाहिजे? ते आपण या पाठात पाहू.

जिव्या सोमा मशे

जिव्या सोमा मशे यांचा जन्म १९३४ सालचा. गंजाडजवळचा कलंबीपाडा हे त्यांचे राहते गाव. लहानपणी आई गेली. तेव्हा त्यांचे बोलणेच थांबले. मनातले सांगायचे तर ते धुळीत बोटाने चित्र काढीत, असे सांगतात.

चौक लिहिणे हे बायांचे काम. पण जिव्या लग्न नसतानाही रोज चित्रे काढीत. शेत, मासेमारी, तारपा नाच, मुंग्या, पाखरे, जे दिसेल ते. १९७० नंतर भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार सरकारच्या हस्तकलेच्या कामासाठी या भागात आले. त्यांनी हा हात ओळखला. भिंतीवरचे चित्र कागदावर आले, आणि कागद मुंबईला गेला.

१९७६ साली जिव्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली. २०११ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. २०१८ साली ते वारले. त्यांचे मुलगे सदाशिव आणि बाळू हेही चित्रकार झाले. पाड्यापाड्यांतली कितीतरी तरुण मुले या वाटेने गेली. बायाही आता विकण्यासाठी चित्रे काढतात.

जिव्यांना मान मिळाला तो मागाहून. रोज चित्र काढायची सवय त्याच्या आधीची. धंद्याची पहिली पायरी तीच. पण नुसता हात चालून भागत नाही. हिशेब आला पाहिजे, कागद वाचता आला पाहिजे, आणि शिकवता आले पाहिजे.

मोल कसे ठरवावे?

समजा, एका बाईने कापडावर चित्र काढले. कापडाचे ८० रुपये. रंगाचे ४० रुपये. डहाणूला जाण्यायेण्याचे भाडे ८० रुपये. झाले २०० रुपये. चित्राला तीन दिवस लागले. रोज ४०० रुपये धरला तर मजुरी १,२०० रुपये. सगळे मिळून १,४०० रुपये.

गिऱ्हाईक म्हणते, "ताई, एवढंसं तर चित्र! पाचशे घ्या की."

पाचशे घेतले तर हाती काय उरले? खर्चाचे २०० गेले, उरले ३००. तीन दिवसांचे ३००, म्हणजे रोजाचे फक्त १००!

म्हणून बाईने सांगावे, "दादा, कापड, रंग, भाडं यांचे दोनशे झाले. तीन दिवस मी बसले. चौदाशेच्या खाली मला परवडत नाही. कमीत हवं असेल तर हे लहान चित्र घ्या. ते अर्ध्या दिवसात होतं."

कमी पैशात लहान चित्र द्यावे. मोठे चित्र पडत्या भावात देऊ नये. एकाने पाडलेला भाव सगळ्या पाड्याला भोवतो.

आणखी एक. चित्राचे पैसे दर महिन्याला सारखे येत नाहीत. तेव्हा भातशेती एकदम सोडू नये. एका वहीत आलेले पैसे आणि झालेला खर्च रोज लिहावा.

नाव आणि कागद

आपण आता अक्षर शिकलो. ते पहिले कुठे वापरायचे? चित्राच्या कोपऱ्यात! आपले नाव, गाव आणि साल लिहावे. बिननावाचे चित्र कुणाचेही होते. आज पिशव्यांवर, कपांवर, कपड्यांवर वारली चित्रे छापलेली दिसतात. त्यातली किती आपल्या माणसांना विचारून छापली असतील?

चित्र छापण्याचा हक्क ही वेगळी वस्तू आहे. तुम्ही आपल्या मनाने चित्र काढून विकले, तर कापड गिऱ्हाइकाचे होते. छापण्याचा हक्क तुमच्याकडेच राहतो. तुम्ही तो लिहून दिला तरच जातो. पण कुणी पैसे देऊन खास आपल्यासाठी चित्र काढून घेतले तर गोष्ट उलटी होते. वेगळा करार नसेल, तर १९५७ च्या कायद्याप्रमाणे तो हक्क काढून घेणाऱ्याचा होतो. म्हणून मोठे काम घेताना आधी लिहून घ्यावे : "छापण्याचा हक्क चित्रकाराचा राहील." छापायला द्यायचे असेल तर त्याचे पैसे वेगळे.

सही करण्याआधी सगळा कागद वाचावा. समजला नाही तर घरी आणावा, जाणत्याला दाखवावा. "लवकर सही करा" म्हणणाऱ्यापुढे तर दुप्पट सावकाश वाचावे.

वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे ही कला या मुलखाची, अशी सरकारदरबारी नोंद झाली. तिचा अधिकृत वापरकर्ता म्हणून चित्रकाराला आपले नाव नोंदवता येते.

शिकवायला जाताना

शाळा, महाविद्यालये, शहरातल्या संस्था चित्रकाराला कार्यशाळेसाठी बोलावतात. चित्र येणे वेगळे आणि शिकवणे वेगळे. शिकवताना पायरीपायरीने जावे.

पहिली पायरी गोल, त्रिकोण आणि चौकोन. दुसरी पायरी माणूस. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की अंग झाले. वर गोल ठेवला की डोके. त्रिकोण जरा कलता केला की माणूस वाकतो, चालतो, नाचतो. तिसरी पायरी झाड, बैल, घर. तारपा नाचाचा फेर शेवटी.

शिकणाऱ्याचे चित्र आपण काढून देऊ नये. त्याची रेघ वाकडी आली तर येऊ द्यावी. हात त्याचाच चालला पाहिजे. तारपा म्हणजे काय, पेरणी कशी होते, हेही सांगावे. लग्नाचा चौक मात्र देवाचे काम आहे. तो शिकवावा की नाही, हे आधी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावे.

जाण्याआधी चार गोष्टी लिहून घ्याव्या : मानधन किती, भाडे कुणाचे, सामान कुणाचे, शिकणारे किती. कार्यशाळा दोन तासांची असली तरी आपला सगळा दिवस जातो. मानधन दिवसाचे धरावे.

कुणी म्हणेल, "सगळ्यांना शिकवलं तर मग आपल्याला कोण विचारणार?"

ही भीती खोटी नाही. पण विचार करा. दोन तासांत आकार शिकता येतात. भाताची लावणी, तारप्याचा आवाज, रानातली पाखरे दोन तासांत कुणाला मिळत नाहीत. ती आपल्यापाशी आहेत. शिवाय ज्याने स्वतः काडी धरून पाहिली, त्याला एका चित्राचे कष्ट कळतात. तो भाव करताना दहादा विचार करतो.

पूर्वी चौकाखाली नाव नव्हते, कारण तो साऱ्या घराचा होता. आता चित्र बाजारात जाते. बाजारात ज्याचे नाव नाही, त्याचे मोल दुसराच ठरवतो. तेव्हा काडी धरणाऱ्या हाताने पेनही धरावे.

सराव

१. आपले नाव, गाव आणि साल एका ओळीत लिहा.
२. कापड ६० रुपये, रंग ३० रुपये, भाडे ५० रुपये. दोन दिवस काम, रोज ४०० रुपये. चित्राचे मोल किती?
३. कार्यशाळेला जाण्याआधी कोणत्या चार गोष्टी लिहून घ्याल?
४. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बाईला चौकाबद्दल विचारा. ती सांगेल त्यातली तीन वाक्ये वहीत लिहा.