आधी तारे मोज

चि. भाचीस,

दीर्घिकांचे आकार मोजायला बसलीस, असं ताईकडून कळलं. पहिल्याच फोटोत सगळ्या गोलसर दिसल्या आणि तू तसं वहीत लिहूनही टाकलंस म्हणे! म्हणून मामाचा हा कागद.

१६१० साली गॅलिलिओला शनी एकमेकांना खेटलेल्या तीन गोळ्यांसारखा दिसला. १६१२ मध्ये बाजूचे दोन गोळे गायब! कड्याची धार आपल्याकडे वळली होती. पण त्याच्या दुर्बिणीतून ते कडं आहे हेच उमगत नव्हतं. उलगडा केला ह्यूगेन्सने, १६५९च्या ग्रंथात. मंगळावर १८७७ मध्ये स्कियापारेल्लीने रेघा टिपल्या. १९०९ मध्ये म्यूदाँच्या ८३ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून अँतोनियादीला तिथे वेडेवाकडे डाग दिसले. डोळा मोठा हौशी, तुटक डाग परस्पर जोडून टाकतो.

कॅमेरा जोडत नाही, पण फासतो. समज, एक दीर्घिका २ विकला लांब आणि १ विकला रुंद आहे. हवेच्या थरथरीने ताऱ्याचा ठिपका दीड विकला पसरलाय. ढोबळ हिशेबात पसाऱ्यांच्या वर्गांची बेरीज होते, मग वर्गमूळ काढायचं: लांबी २.५, रुंदी १.८. दुप्पट लांब असलेली दीर्घिका जेमतेम १.४ पट उरली. तुझ्या गोल दीर्घिका बहुधा अशाच गोल झाल्यात.

याहून वाईट म्हणजे दिशेचा घोळ. दुर्बीण किंचित सरकली की फोटोतलं सगळंच एका अंगाला ताणलं जातं. वाटेतल्या अदृश्य द्रव्याने प्रकाश वाकवल्यामुळे दूरच्या दीर्घिकांच्या आकारात जेमतेम एखाद्या टक्क्याचा फरक पडतो, आणि संशोधक नेमका तोच शोधत असतात. तिथे दुर्बिणीचा ताण द्रव्याच्या नावावर सहज खपून जाईल.

तारे मात्र इतके दूर की बिंदूच दिसायला हवेत. त्यांना जो आकार आला, तो धूसरपणाचा. आणि धूसरपणा मोजला की तो काढताही येतो. हबल अवकाश दुर्बिणीच्या आरशाची कड सुमारे २ मायक्रॉन जास्त घासली गेली होती. चूक नेमकी किती हे कळलं, म्हणून डिसेंबर १९९३ मध्ये तिच्यावर उतारा बसवता आला.

तेव्हा त्याच फोटोतले वीस तारे निवड, मधले आणि चारही कोपऱ्यांतले. फार तेजस्वी घेऊ नकोस, त्यांचा मध्य जळालेला असतो. प्रत्येकाची लांबी, रुंदी, कल लिहून तक्ता रविवारपर्यंत पाठव. दीर्घिकांचं पान तोवर कोरं ठेव.

तुझा,
मामा