टाचणी टोचली आणि वायफाय हरवलं

प्रश्न : घरचं इंटरनेट रडतखडत चालत होतं. मुलानं फोनवर सांगितलं, "राउटर रिसेट कर." मी राउटरच्या पाठीमागच्या बारीक भोकात टाचणी खुपसून दाबून धरली. दिवे विझले, पुन्हा लागले, पण आमचं वायफायच नाहीसं झालं! त्या जागी भलत्याच नावाचं वायफाय दिसतंय. ते जोडलं, कांड्याही पूर्ण दिसतात, तरी इंटरनेट नाही. मी राउटर बिघडवला का?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : नाही, राउटर ठणठणीत आहे. घोळ शब्दाचा झाला. मुलाला बहुधा 'रिस्टार्ट' म्हणायचं होतं. बोलताना आपण सगळेच दोन्हीला रिसेट म्हणतो.

राउटर हा छोटा संगणकच. कोणता फोन कोणाशी बोलतोय याच्या नोंदी तो कामचलाऊ स्मृतीत ठेवतो. आठवडेच्या आठवडे चालू राहिला की कधीकधी त्या स्मृतीत गोंधळ होतो आणि तो कुंथायला लागतो. बटण बंद करून अर्ध्या मिनिटानं चालू केलं की ती पाटी कोरी होते. हा रिस्टार्ट. वायफायचं नाव, पासवर्ड वगैरे मात्र वेगळ्या चिपमध्ये असतात आणि तिथं ते विजेविना टिकतात. म्हणूनच वीज जाऊन आली तरी तुमचं वायफाय जुन्याच नावानं परत येतं.

टाचणीचं बटण नेमकं हे टिकाऊ लिखाण पुसतं. राउटर कारखान्यातून निघाला त्या दिवसावर परत जातो. धूळ पुसताना चुकून दाबलं जाऊ नये म्हणूनच ते भोकात लपवलेलं असतं आणि सहसा काही सेकंद धरून ठेवावं लागतं. ते भलतं नाव कारखान्यानं दिलेलं आहे. राउटर उलटा करून खालचं स्टिकर पाहा, बहुतेक तेच नाव आणि त्याचा पासवर्ड तिथं छापलेला असेल.

मग कांड्या पूर्ण असून इंटरनेट का नाही? कारण कांड्या फक्त तुमचा फोन आणि राउटर यांच्यातला सिग्नल किती जोरदार आहे ते सांगतात. राउटरपासून पुढे कंपनीपर्यंतचा रस्ता वेगळा, आणि तिथं अनेक ठिकाणी ग्राहकाचं नाव-पासवर्ड द्यावं लागतं. सेटिंगमध्ये त्याला पीपीपीओई म्हणतात. ते राउटरला एकदा सांगून ठेवलेलं होतं, आता तो विसरला. काही फायबरच्या डब्यांना कंपनी दुरूनच सगळं पुन्हा शिकवते. त्यामुळे आधी दहा-पंधरा मिनिटं वाट पाहा. नाहीच आलं तर केबलवाल्याला फोन करून 'पीपीपीओईचं यूजरनेम आणि पासवर्ड द्या' म्हणा. (हा फोन मी स्वतः रविवारी रात्री साडेनऊला केलेला आहे. पलीकडचा सुस्कारा अजून आठवतो.)

ते मिळालं की फोन त्या भलत्या वायफायला जोडा आणि मोबाइल डेटा बंद करा. हे विसरू नका. वायफायवर इंटरनेट नाही असं दिसताच फोन गुपचूप मोबाइल डेटाकडे वळतो आणि राउटरचं पान उघडत नाही. आता ब्राउझरमध्ये स्टिकरवरचा पत्ता टाका. बऱ्याचदा तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, टाइप करताना आकडे इंग्रजी. 'इंटरनेटच बंद, मग पान कसं उघडेल?' असं पुष्कळांना वाटतं. पण हे पान राउटरच्या पोटातच आहे, ते बाहेरून येत नाही. शेजाऱ्यांच्या राउटरचाही पत्ता हाच असू शकतो. प्रत्येक सोसायटीत १०१ नंबरचा फ्लॅट असतो, तसंच हे.

इथं आणखी एक पासवर्ड मागतील आणि माणसं हमखास इथंच अडकतात. वायफायचा पासवर्ड घरात शिरायला, पीपीपीओईचा कंपनीला ओळख पटवायला, आणि हा तिसरा राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायला. तिसराही बहुधा स्टिकरवर असतो.

आत गेल्यावर कंपनीचं नाव-पासवर्ड भरा. मग वायफायला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, लहान-मोठ्या लिपीसकट अक्षरन् अक्षर तोच. सुरक्षेचा प्रकार 'डब्ल्यूपीए२' ठेवलात की टीव्ही, प्रिंटर, मुलांचे फोन सहसा आपोआप जोडले जातील, घरभर फिरून प्रत्येकाला पासवर्ड सांगत बसायला नको. शेवटी तो तिसरा पासवर्ड बदला, विशेषतः तो 'ॲडमिन' असा सोपा असेल तर. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रॅमनं असे कारखान्याचेच पासवर्ड वापरून जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर कामाला जुंपले होते.

आता राहिलं मूळचं रडगाणं. राउटर किंवा फायबरच्या डब्यावर 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल दिसतो का ते पाहा. तो लाल असेल तर तारेतून प्रकाशच पोचत नाहीये, म्हणजे फायबर कुठंतरी तुटलीय, वाकलीय किंवा डब्यातून सैल झालीय. तिथं रिस्टार्टचा उपयोग नाही आणि टाचणीचा तर नाहीच. लाइनमनलाच बोलवा.