घर जळाल्यावर

नंदुरबार जिल्ह्याच्या सातपुड्यात, विशेषतः अक्राणी व अक्कलकुवा या तालुक्यांत, आपली पुष्कळ घरे लाकडी खांबांवर व बांबूच्या कुडांनी उभी असतात. वर कौले किंवा गवत, माळ्यावर चारा. असे घर पेटल्यास घटकाभरात कोसळते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु ज्वाळा विझल्या म्हणजे आग विझली असे नव्हे. खांबाच्या गाभ्यात, चाऱ्यात व धान्याच्या कणगीत निखारा धुमसत राहतो आणि वारा सुटताच दुसऱ्या दिवशीही भडकतो. त्यापासून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू डोळ्यांस दिसत नाही, त्यास वासही नाही.

तरी घरधनी आत धावतो. कशाकरिता? पत्र्याच्या पेटीकरिता. तीत शिधापत्रिका, जातीचा दाखला आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा असतो. त्या पट्ट्यासाठी लोकांनी घातलेल्या खेपा मी पाहिल्या आहेत. म्हणून अशा मनुष्यास मी मूर्ख म्हणणार नाही. तथापि या कागदांची नोंद सरकारी कचेरीत असते व अर्ज केल्यास नक्कल मागता येते. पेटीसाठी कोणीही आत जाऊ नये.

प्रथम माणसे मोजावी. भाजलेल्या अंगावर साधे थंड पाणी 20 मिनिटे ओतावे. हळद, तूप, शाई, दंतमंजन लावू नये, फोड फोडू नयेत. मग 108 वर गाडी बोलवावी. पाड्यावर रेंज नसल्यास एका तरुणास टेकडीवर धाडावे. धूर छातीत गेलेल्याचा आवाज बसला असेल, तर कातडी शाबूत असली तरी त्यास दवाखान्यात न्यावेच.

महावितरणच्या माणसाने वीज तोडल्यावाचून राखेत पाय ठेवू नये. तापलेल्या गॅसच्या टाकीस शिवू नये. भिजलेला कूड अचानक ढासळतो. त्याच्याच सावलीत विसावा घेणारे लोक मी पाहिले आहेत!

राख उपसण्याची घाई करू नये. आग ही शासनाच्या आपत्तींच्या यादीत आहे. परंतु मदतीसाठी तलाठ्याचा, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याचा, पंचनामा लागतो. तोवर छायाचित्रे काढून ठेवावी. उपदेशकांनी अर्ज लिहून द्यावा व त्याची पोच मागून घ्यावी.

धुराने काळवंडलेले धान्य खाऊ नये, गुरांसही घालू नये. बियाणे वरून चांगले दिसले तरी उष्णतेने त्याचा अंकुर मेलेला असू शकतो. यास्तव 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावे, आठवड्याने किती उगवले ते मोजावे, आणि मगच ते बी शेतात न्यावे.