खेळ कोणाचा, परवाना कशाचा?



सारीपाट किंवा सापशिडीचा पट काढून खेळायला कोणाची परवानगी लागत नाही. हे खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहेत. पण ज्या खेळाची मालकी एखाद्या कंपनीकडे आहे, त्यात भर घालून आपण पुस्तिका छापली तर? आपल्या वरच्या वर्गांतील मुले सध्या फाशांनी खेळायचे कथा-खेळ स्वतः रचत आहेत. ते स्नेहसंमेलनात छापून विकावेत, अशी सूचनाही आली आहे. म्हणून या अंकात हा विषय घेत आहोत.

हिंदी माध्यमातून पदवी घेतलेल्या आमच्यासारख्यांना ‘परवाना’ म्हटले की आधी दिव्यावर झेपावणारा पतंग आठवतो. येथे अर्थ आहे परवानगीचा लेख.

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ अमेरिकेत १९७४ साली निघाला. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. बेत साधला की फसला, हे फासा ठरवतो. अशा खेळाला नवनव्या कथा सतत लागतात आणि एकटी कंपनी त्या पुरवू शकत नाही. २००० साली मालक कंपनी ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ हिने ‘ओपन गेम लायसन्स’ नावाचा खुला परवाना दिला. नियमांचा ठरावीक भाग कोणीही वापरावा, त्यावर पुस्तके काढून विकावीत. मोबदला द्यावा लागणार नाही. परवान्याचा मजकूर सोबत छापायचा आणि कंपनीने राखून ठेवलेली नावे व पात्रे घ्यायची नाहीत, या मुख्य अटी. त्यावर अनेक छोटे प्रकाशक उभे राहिले. २००९ चा ‘पाथफाइंडर’ हा खेळही त्यातूनच आला.

जानेवारी २०२३ मध्ये मात्र नव्या परवान्याचा मसुदा बाहेर फुटला. जुना परवाना यापुढे अधिकृत नाही आणि मोठी विक्री असणाऱ्यांनी कंपनीला वाटा द्यावा, असे त्यात होते. वीस वर्षांहून अधिक काळ ज्यांची उपजीविका त्या परवान्यावर चालली, ते हादरले. वाद एका शब्दाचा होता. जुन्या परवान्यात ‘कायमस्वरूपी’ असे लिहिले होते; ‘मागे घेता न येणारा’ असे लिहिले नव्हते. खेळाडू व प्रकाशकांनी जोरदार विरोध केला. २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली. जुना परवाना तसाच ठेवला आणि मूळ नियमांचा संदर्भग्रंथ ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’च्या, मागे न घेता येणाऱ्या परवान्याखाली खुला केला. त्याचे मराठी भाषांतर करून विकले तरी चालते. मूळ कर्त्याचे श्रेय, परवान्याचे नाव आणि केलेले बदल नमूद करावे लागतात.

आपल्याकडेही अशी उदारता आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडवलेली ‘मुक्ता’ व ‘बलू’ ही देवनागरी अक्षरे खुल्या परवान्याची आहेत. पुस्तिकेत ती निःशंक वापरता येतील.

आपला कायदा १९५७ चा. लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. साने गुरुजी १९५० साली निवर्तले. त्यांचे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन २०११ पासून सर्वांना खुले आहे. नुसत्या कल्पनेवर हक्क नसतो, ती मांडणाऱ्या शब्दांवर व चित्रांवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केले. म्हणून फासा टाकून पुढे सरकण्याची कल्पना घ्या. दुसऱ्याचे शब्द व चित्रे उचलू नका. वर्गात शिकवताना कायदा काही सूट देतो; ती विक्रीला लागू नाही.

आता पालक व विश्वस्तांसाठी. मुलाने रचलेल्या कथेचा पहिला मालक ते मूलच असते, शाळा नव्हे. तेव्हा पुस्तिका छापण्यापूर्वी प्रत्येक मुलाची व पालकांची लेखी संमती घ्यावी. किती प्रती, विक्रीचे पैसे कोठे जाणार आणि संमती मागे घेता येईल की नाही, हे तीत स्वच्छ लिहावे. मुलांची नावे पहिल्या पानावर असावीत.

स्वाध्याय
१. गोवळकोंड्याच्या किल्ल्यावर घडणारी एका पानाची खेळ-कथा लिहा.
२. त्यातील काय तुमचे, काय सर्वांचे आणि काय दुसऱ्याचे, याचे तीन रकाने करा.
३. तुमची कथा इतरांनी वापरावी का? कोणत्या अटींवर? पाच ओळींत परवाना लिहा.