राजा मर्त्य, राज्य अखंड : मध्ययुगीन युरोपातील राजपदाचा विचार

इ. स. १०२४ मध्ये सम्राट दुसरा हेन्री निधन पावला, तेव्हा उत्तर इटलीतील पाविया येथील नागरिकांनी तेथला राजवाडा जमीनदोस्त केला. पुढील वर्षी त्यांचे प्रतिनिधी नवा राजा दुसरा कॉनराड याच्यासमोर उपस्थित झाले. त्यांचा बचाव असा होता : राजा हयात असेपर्यंत आपण त्याच्याशी एकनिष्ठ राहिलो, त्याच्या मृत्यूनंतर राजाच उरला नव्हता, तेव्हा वाडा पाडून आपण कोणत्या राजाचा अपराध केला? कॉनराडचे उत्तर त्याचा चरित्रकार विपो याने नोंदविले आहे. सुकाणू धरणारा गेला तरी नौका राहते, त्याप्रमाणे राजा गेला तरी राज्य राहते. आणि पाडलेली वास्तू खाजगी नसून सार्वजनिक होती, असा त्याचा आशय होता.

पद आणि पदावरील व्यक्ती यांतील भेद आज स्वाभाविक वाटतो. मध्ययुगात मात्र तो सिद्ध होण्यास अनेक शतके लागली, आणि ही वाटचाल मुख्यतः धर्मशास्त्राच्या भाषेत झाली.

अभिषेकाचे सामर्थ्य आणि मर्यादा

ख्रिस्ती राजाला राज्यारोहणप्रसंगी पवित्र तेलाचा अभिषेक होत असे. ‘जुन्या करारा’तील सौल व दावीद यांच्या अभिषेकाची परंपरा त्यामागे होती. इ. स. ११०० च्या सुमारास एका अज्ञात नॉर्मन लेखकाने असे प्रतिपादन केले की, अभिषिक्त राजाच्या ठायी दोन व्यक्ती वसतात : निसर्गाने तो मनुष्य असतो, तर ईश्वरी कृपेने ख्रिस्ताचे प्रतिरूप असतो.

या कल्पनेने राजाला तेज दिले, परंतु एक प्रश्नही उभा केला. अभिषेक करणारे धर्मपीठ राजाहून श्रेष्ठ नव्हे काय? बिशपांच्या नेमणुकीवरून हा वाद पेटला. पोप सातवा ग्रेगरी याने बहिष्कृत केलेला जर्मन राजा चौथा हेन्री १०७७ च्या जानेवारीत कानोसाच्या गढीबाहेर तीन दिवस प्रायश्चित्ताच्या वेषात उभा राहिला. ११२२ मध्ये वर्म्स येथे तडजोड झाली. बिशपाच्या धार्मिक अधिकाराची चिन्हे, म्हणजे अंगठी व दंड, धर्मपीठाने द्यावीत आणि ऐहिक अधिकार राजाने राजदंडाने प्रदान करावेत, असे ठरले. अशा रीतीने एकाच व्यक्तीकडील दोन अधिकारांचे उगम वेगळे मानले गेले.

कायदा आणि मुकुट

पुढे हा विचार धर्मगुरूंकडून विधिज्ञांकडे आला. सॅलिसबरीचा जॉन याने ११५९ मध्ये पूर्ण केलेल्या ‘पोलिक्रॅटिकस’ या ग्रंथात राज्याला देहाची उपमा दिली. राजा हे त्या देहाचे मस्तक, तर शेतकरी त्याचे पाय. कायदा पाळणारा तो राजा आणि तुडविणारा तो जुलमी, असा भेद त्याने केला. तेराव्या शतकात इंग्लंडमध्ये ब्रॅक्टनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथाने राजा कोणा मनुष्याच्या नव्हे, परंतु ईश्वराच्या व कायद्याच्या अधीन असतो, हे तत्त्व मांडले.

१२७२ मध्ये तिसरा हेन्री मृत्यू पावला, तेव्हा त्याचा पुत्र पहिला एडवर्ड परदेशी होता. त्याचा राज्याभिषेक १२७४ मध्ये झाला; तथापि त्याची कारकीर्द पित्याच्या दफनापासूनच मोजली गेली. सिंहासन रिकामे राहत नाही, ही कल्पना येथे व्यवहारात उतरली. १३०८ मध्ये इंग्लंडच्या सरदारांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. आपली निष्ठा राजाच्या व्यक्तीपेक्षा मुकुटाशी अधिक बांधलेली आहे, असे त्यांनी जाहीर केले.

राजाचे दोन देह

या विचाराचे परिणत रूप १५६१ च्या लँकेस्टर जहागिरीच्या खटल्यात दिसते. सहाव्या एडवर्डने अज्ञान वयात दिलेला जमिनीचा पट्टा वैध ठरतो काय, हा प्रश्न होता. न्यायाधीशांनी सांगितले की, राजाला दोन देह असतात. नैसर्गिक देहाला बाल्य, व्याधी व मृत्यू असतात. राजकीय देहाला ते नसतात. म्हणून पट्टा वैध ठरला. अर्न्स्ट कांटोरोविच या इतिहासकाराने १९५७ च्या आपल्या ग्रंथात या सिद्धांताचे मूळ मध्ययुगीन धर्मविचारात दाखवून दिले.

हा सिद्धांत दुधारी होता. राजाच्या पावित्र्याचा आधार घेऊन पुढे अनियंत्रित सत्तेचेही समर्थन झाले. उलट १६४२ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने राजपदाच्या नावानेच पहिल्या चार्ल्स राजाविरुद्ध सैन्य उभारले.

आजचा वारसा

सिंहासने गेली, तरी हा भेद लोकशाहीने जतन केला आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २९९ अन्वये शासनाचे करार राष्ट्रपतींच्या किंवा राज्यपालांच्या नावाने होतात. मात्र त्यांबाबत ते व्यक्तिशः जबाबदार नसतात. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींविषयीच्या १९५८ च्या कायद्याने प्रत्येक पंचायतीला अखंड परंपरा व सामाईक मुद्रा असलेली निगम संस्था मानले आहे. सरपंच बदलला तरी पंचायतीने केलेला करार संपत नाही, आणि तिची गायराने व इमारती कोणाही पदाधिकाऱ्याच्या मालकीच्या होत नाहीत.

मध्ययुगात या भेदाला ईश्वरी कृपेचा आधार होता. आज तो लोकांच्या सार्वभौमत्वाचा आहे. आधार बदलला, परंतु पदाधिकाऱ्याचे कर्तव्य बदललेले नाही. जे पदाचे आहे ते स्वतःचे न मानणे आणि पुढे येणाऱ्याच्या हाती ते अबाधित सोपविणे, हेच ते कर्तव्य होय. पावियाच्या नागरिकांना मिळालेल्या उत्तराचे मर्मही हेच आहे.