मगरीनें केलेली जखम : उपचार आणि नोंद

कृष्णाकांठच्या, विशेषतः पलूस व भिलवडीकडील शेतकऱ्यांस मगर नवीन नाहीं. कोंकणांत वाशिष्ठीच्या पात्रांतही ती आहे. पंपाचा फूटव्हॉल्व्ह काढावयास किंवा म्हशी धुवावयास पाण्यांत उतरणें आपणांस चुकत नाहीं. त्यांतही उन्हाळ्यांत मादी कांठच्या मातींत अंडीं घालून त्यांची राखण करीत असते, व पावसाच्या तोंडाशीं पिलें निघतात. त्या दिवसांत ती अधिक चवताळलेली असते. यास्तव प्रसंग ओढवल्यास काय करावें हें घरांतील प्रत्येकास ठाऊक असावें.

मगरीचे दांत धरून ठेवण्याचे आहेत, चावून बारीक करण्याचे नव्हेत. धरलेला हात वा पाय ती सोडीत नाहीं. उलट अंगाभोंवतीं गिरक्या घेऊन पिळवटते. त्यामुळें बाहेरून चार भोंकें दिसलीं तरी आंत मांस फाटलेलें व हाड मोडलेलें असूं शकतें. जखम लहान दिसते म्हणून घरीं थांबणें हा शुद्ध आत्मघात होय.

रोग्यास प्रथम पाण्यापासून दूर न्यावें व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. स्वच्छ पंचाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरावी. रक्त थांबलें कीं काय हें पाहण्यासाठीं ती वारंवार उचलूं नये. हातापायाचें रक्त दाबूनही न थांबल्यास जखमेच्या वर रुंद पट्टा आवळावा व आवळल्याची वेळ कागदावर लिहून ठेवावी. सुतळी वा तार वापरूं नये, ती मांसांत रुतते. रक्त बेताचें असल्यास भरपूर स्वच्छ पाण्यानें जखम धुवावी. हळद, तंबाखू, चुना, राख यांपैकीं कांहींही भरूं नये. डॉक्टरास तें सारें खरवडून काढावें लागतें व त्यांत वेळ जातो. हाड मोडल्याचा संशय असल्यास बांबूच्या कांबीचा आधार द्यावा. शस्त्रक्रिया करावी लागण्याचा संभव असल्यानें रोग्यास खावयास देऊं नये.

जखम नदीच्या पाण्यांत झाली, हें डॉक्टरास अगोदर सांगावें. मगरीच्या तोंडांत व गोड्या पाण्यांत एरोमोनास नांवाचे जंतु असतात. नेहमींच्या कांहीं औषधांस ते दाद देत नाहींत. अशी जखम बहुधा लगेच शिवीत नाहींत, कांहीं दिवस उघडी ठेवतात; त्यास डॉक्टराची हयगय समजूं नये. धनुर्वाताची लस मात्र चुकवूं नये. पिसाळण्याचा रोग सस्तन प्राण्यांचा असल्यानें त्याची भीति येथें नाहीं.

आतां नोंदीविषयीं. दप्तरांत आयुष्य घालविलेल्या माणसास हा भाग उपचारांइतकाच महत्त्वाचा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या रोगवर्गीकरणांत मगर अथवा अलिगेटर यांच्यापासून झालेल्या इजेस ‘डब्ल्यू ५८’ हा एकच अंक आहे. अमेरिकेंत १ ऑक्टोबर २०१५ पासून जें विस्तृत वर्गीकरण चालू झालें, त्यांत अलिगेटरच्या चाव्यास ५८.०१ व मगरीच्या चाव्यास ५८.११ असे निराळे अंक असून शेपटीच्या तडाख्यास आणखी वेगळे आहेत. तेथें फ्लोरिडा व लुइझियाना प्रांतीं अलिगेटर विपुल. आपल्या देशांतील नद्यांत तो नाहीं. मात्र हा अंक कारणाचा आहे, जखमेचा नव्हे. गुडघ्याखालच्या पायाच्या उघड्या जखमेचा ‘एस ८१’ हा अंक आधीं, कारणाचा मागून, असा क्रम आहे.

शेतकऱ्यास अंक पाठ नकोत. पण केसपेपरावर ‘मगरीनें धरलें’ हे शब्द पडले पाहिजेत. घाबरलेला सोबती ‘नदींत पडला’ एवढेंच सांगतो, लिहिणारा तेवढेंच लिहितो. वन्य प्राण्यांपासून झालेल्या मनुष्यहानीस राज्य शासन जें अर्थसाहाय्य देतें, त्या प्राण्यांच्या यादींत मगर आहे. परंतु अर्जासोबतचा कागदच उलट साक्ष देऊं लागला तर अर्जदारानें काय करावें? म्हणून दाखल होतांना स्थळ, वेळ व प्राणी हीं तिन्ही सांगावींत व लिहिलेलें वाचून घ्यावें. त्याच दिवशीं वनरक्षकास वर्दी द्यावी, पंचनामा करवून घ्यावा, आणि घरीं परततांना केसपेपराची व वैद्यकीय दाखल्याची प्रत मागून आणावी.