रक्तदाबाची गोळी आणि आपली दिनचर्या

कोसलचा राजा पसेनदी एकदा भरपेट भात खाऊन धापा टाकीत भगवान बुद्धांकडे आला, अशी कथा संयुत्त निकायात आहे. भगवंतांनी त्याला मिताहारावर एक गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करावयास लावली व आपण जेवायला बसलो की रोज म्हणावयास सांगितले. हळूहळू राजाचा आहार लहानशा मापावर आला. प्रत्यक्ष राजालाही रोज आठवण करून देणारा माणूस लागला! रक्तदाबाच्या गोळीचेही तसेच आहे.

डोके दुखले, चक्कर आली तरच गोळी घ्यायची, असे आपल्यातील अनेक जण करतात. परंतु वाढलेला रक्तदाब बहुधा काही जाणवू देत नाही. तपासणीत १३०/८० आला की "बरा झालो" म्हणून गोळी बंद होते. वास्तविक तो आकडा गोळीमुळेच आलेला असतो. मनाने औषध सोडले की दाब पुन्हा चढतो आणि कधी कधी पक्षाघात झाल्यावरच घरच्यांना कळते.

वळ परिसरात गोदामांतील पाळीचे काम पुष्कळांना आहे. पाळी बदलली की जेवण बदलते आणि गोळी राहते. म्हणून डॉक्टरांना आपली पाळी सांगून एक वेळ ठरवून घ्यावी. गोळी चुकली तर आठवताच घ्यावी; पण पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी, दोन एकदम घेऊ नयेत. ओझे उचलून कंबर धरली म्हणून दुकानातून दुखण्याच्या गोळ्या परस्पर आणू नयेत. त्यांतील कित्येक रक्तदाब वाढवतात. अंथरुणातून उठताना क्षणभर बसून मग उभे राहावे. पायांना सूज आली, कोरडा खोकला लागला, तर औषध न थांबवता डॉक्टरांना सांगावे.

मीठ दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सगळे मिळून एक लहान चमचाभरही नको. खारे मासे, पापड, लोणचे, फरसाण यांतले मीठ आपण मोजतच नाही. तंबाखू, मशेरी व दारू यांबद्दल वेगळे काय सांगावे? पंचशील तर आपण दर कार्यक्रमात म्हणतो.

उपोसथालाही औषध चुकवू नये. चीवर, भोजन व निवास यांबरोबर औषध ही भिक्खूंचीसुद्धा मान्य गरज आहे.

बाबासाहेबांनाही अखेरच्या वर्षांत मधुमेह व रक्तदाबाने ग्रासले होते. त्यांना अभिवादन करण्यासाठी ६ डिसेंबरला आपण चैत्यभूमीच्या रांगेत तासन्‌तास उभे असतो आणि गोळ्या मात्र घरी फळीवर असतात. त्या आदल्या रात्रीच पिशवीत ठेवाव्यात, चिठ्ठीसह.

विद्यार्थी मित्रांनो, घरातले सुदस्सन तुम्ही व्हा. आजी-आजोबांनी गोळी घेतली की कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा. पाकिटात चार गोळ्या उरल्या की त्याच दिवशी नवीन आणायला सांगा, पाचव्या दिवसाची वाट पाहू नका.